ठासणीचं सहाबारी: नागपुरातून सुरुवात कशी करायची?

गोळाभात | शनिवार, रात्री १०:४२

नमस्कार मंडळी.

दिवाळीच्या आधी थोरल्या भावाकडे अमेरिकेत, इंडियानात, सहा आठवडे होतो. त्याच्या शेजारच्या एका आजोबांनी आम्हा दोघांना रेंजवर नेलं आणि माझ्या हातात रिव्हॉल्व्हर दिलं. काडतुसांचं नाही. आपल्याकडे खेड्यात ठासणीची बंदूक असते ना, त्याच जातीचं, फक्त सहा घरांचं. प्रत्येक घरात दारू ओतायची, वर शिशाची गोळी ठासायची, मागं तांब्याची इवलीशी टोपी बसवायची, मग घोडा चढवायचा. पहिला बार काढला आणि समोरचं सगळं पांढरं. गोळी कुठं गेली ते धूर विरल्यावर कळलं: कागदाच्या दीड हात खाली, मातीत. आणि वास थेट लक्ष्मीपूजनाच्या रात्रीच्या गल्लीचा!

तेव्हापासून हे खूळ डोक्यातून जात नाही. तीन प्रश्न आहेत.

कुठलं रिव्हॉल्व्हर आणि सोबत काय काय सामान लागतं? नागपुरात हे करता येईल का? आणि भावानं आता स्वतःचं एक घेतलंय, ते पुढच्या खेपेला बॅगेत घालून आणलं तर चालेल का? तिसऱ्या प्रश्नाला हसू नका.

---

काटोलचा_बाप्पू | शनिवार, रात्री ११:०५

हासलो राजा, माफ कर.

आमच्या आबाजीपाशी ठासणीची होती, पीक राखाच्या परवान्याची. रानडुक्कर हरभऱ्यात घुसले का आबा उठे, दारू भरे, गजानं ठासे, टोपी शोधे, टोपी अंधारात पडे, मंग कंदील आणा लागे. तवरीक डुक्कर आमच्या वावरात जेवून शेजाऱ्याच्या वावरात हात धुवाले जाये. बार निघे तो निस्ता आवाजासाठी. तुह्या सहाबारीत निदान पाच-सहा खेपा तरी हायेत.

बॅगेत मात्र आणू नोको. विमानतळावरून घरी याच्या आंधी दुसरीकडंच जाशीन.

---

निवृत्तीनाथ | रविवार, सकाळी ७:१५

बाप्पूंनी गमतीत सांगितलं, मी रुक्षपणे सांगतो. माझी उभी हयात या कायद्यांच्या फायलींत गेली.

'जुन्या पद्धतीचं आहे, म्हणून परवाना लागत नसेल' हा समज आधी काढून टाका. तो अमेरिकेतून येतो. तिथल्या १९६८ च्या केंद्रीय कायद्यानं १८९८ पर्यंतची हत्यारं आणि ठासणीच्या प्रतिकृती 'अँटीक' म्हणून वगळल्या आहेत, आणि तिथंही राज्याराज्यांचे नियम निराळे. आपला १९५९ चा शस्त्र कायदा कलम ४५ मध्ये सूट देतो ती कालबाह्य, पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या किंवा मोडक्या अशा हत्यारांना, जी दुरुस्त करूनही चालणार नाहीत. तुमच्या भावाचं रिव्हॉल्व्हर चालतंय, म्हणजे ते अग्निशस्त्र, म्हणजे परवाना. बाप्पूंच्या आबांची गोष्ट वेगळी. पीक संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा कलम १३ मध्ये स्पष्ट उल्लेख आहे. त्या वाटेनं रिव्हॉल्व्हर येत नाही.

नागपूर शहरात परवाना पोलीस आयुक्तांचा, ग्रामीण भागात जिल्हाधिकाऱ्यांचा. २०१६ च्या नियमांप्रमाणे हत्यार सुरक्षित हाताळण्याच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र लागतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर सर्वसाधारण परवानाधारकाला दोनच हत्यारं ठेवता येतात. परदेशातून हत्यार आणण्यावर कडक निर्बंध आहेत, तो नाद सोडा.

आणि समजा, रिव्हॉल्व्हरचा परवाना उद्या हातात पडला, तरी खरं कुलूप पुढं आहे: दारू. स्फोटकांच्या आपल्या वर्गवारीत पहिला वर्गच मुळी बंदुकीच्या दारूचा आहे. २००८ चे स्फोटक नियम वाचून पाहा. ज्या खात्याकडे हे सगळं असतं त्या पेसोचं मुख्यालय आपल्याच सेमिनरी हिल्सवर आहे, त्यामुळे नागपूरकरानं तरी अज्ञानाची सबब सांगू नये. टोप्याही दारूगोळ्यातच धरल्या जातात.

एक विनंती. शोरा, गंधक, कोळसा यांचं प्रमाण या धाग्यावर कुणी विचारू नये, सांगू नये. घरी दारू कुटताना हात गेलेले लोक मी पाहिले आहेत.

---

गोळाभात | रविवार, सकाळी ९:३०

धन्यवाद काका. तिसरा प्रश्न मागे घेतो. फटाके उसवून काढलेली दारूही चालत नसणार असं गृहीत धरतो.

---

निवृत्तीनाथ | रविवार, सकाळी ९:४४

गृहीत धरू नका, पाठ करा. फटाक्यात ॲल्युमिनियमची भुकटी असते, तिचा जळण्याचा वेग निराळा. रिव्हॉल्व्हर हातात फुटेल.

---

काळाधूर | रविवार, दुपारी १:२०

नऊ वर्षं सिनसिनाटीला होतो, त्यातली सात वर्षं हाच छंद. तिथून तासाभराच्या वाटेवर इंडियानातलं फ्रेंडशिप नावाचं गाव आहे. ठासणीवाल्यांची राष्ट्रीय संघटना १९३३ पासूनची, तिची रेंज तिथं आहे. गोळाभात, भावाला सांगा, एकदा तिथं जाऊन नुसतं बसून ये. आता मी त्रिमूर्ती नगरात राहतो आणि घरी या छंदातलं माझ्याकडे एक रिकामी दारूची कुप्पी आणि दोन फोटो एवढंच आहे. त्यामुळे खालचं सगळं तुमच्या भावासाठी समजा.

रिव्हॉल्व्हर: नवीन मिळतात त्या बहुतेक इटलीत बनलेल्या प्रतिकृती, पिएत्ता किंवा उबर्ती. नवख्यासमोर दोनच नावं येतात. कोल्टचं १८५१ चं नेव्ही, ३६ कॅलिबर (म्हणजे नळीचा व्यास, साधारण इंचाच्या शतांशांत), आणि रेमिंग्टन, ज्याला सगळे १८५८ चं म्हणतात, ४४ कॅलिबर. कोल्ट हातात घेतलं की सोडवत नाही, तोल असा की नेम आपोआप वर येतो. पण त्याला सहा घरांच्या सिलिंडरवरून जाणारी पट्टी नाही. नळी एका पाचरीवर अडकलेली असते, आणि फुटक्या टोपीचा तुकडा घोड्याच्या खाचेत पडला की घोडा अडतो. जुने लोक घोडा चढवताना नळी आभाळाकडे करतात ती दिखाव्यासाठी नव्हे, तुकडा बाहेर पडावा म्हणून. रेमिंग्टनला वरून अखंड पट्टी आहे, नेम धरायची खाच त्या पट्टीतच कोरलेली, आणि आस ओढला की सिलिंडर हातात. मात्र त्या बारक्या आसावर काजळी लवकर धरते, वीस-पंचवीस बारांत सिलिंडर जड फिरायला लागतो. कोल्टचा आस जाड, त्यावर ग्रीस धरायला खोबणी असतात, ते जास्त वेळ फिरतं.

माझं मत विचाराल तर पहिलं रेमिंग्टन, पोलादी फ्रेमचं. पितळी फ्रेम स्वस्त पडते, देखणी दिसते, आणि जास्त दारूनं हळूहळू ताणली जाते.

दारू: तीन एफची खरी काळी दारू. एफ जितके जास्त तितका दाणा बारीक. दोन एफ मोठ्या बंदुकांना, चार एफ चकमकीच्या बंदुकीच्या कानात. पायरोडेक्ससारखे पर्यायही चालतात, पण धूर न करणारी आधुनिक दारू, तिचा एक चमचासुद्धा, कधीही नाही. चव्वेचाळीसला लोक पंचवीस-तीस ग्रेन भरतात. नेमबाजीसाठी वीसही पुरतात. ग्रेन म्हणजे दाणा नव्हे, वजन: साडेपंधरा ग्रेनचा एक ग्रॅम. आकडा भावानं रिव्हॉल्व्हरसोबतच्या पुस्तिकेतून घ्यावा, माझ्यावरून नाही.

गोळी: मऊ, शुद्ध शिशाची, आणि घरापेक्षा किंचित मोठी. चव्वेचाळीसच्या घराला ०.४५१ किंवा ०.४५४ इंचाची. ठासताना तिच्या कडेचं शिशाचं बारीक कडं कापलं जाऊन बाहेर पडायला हवं, अगदी बांगडीसारखं. कडं पडलं म्हणजे घर गच्च बसलं. बॅटरीचं भंगार शिसं वितळवू नका, कडक असतं आणि त्यातला धूर विषारी.

उरलेलं सामान: दारूची कुप्पी, पितळी माप, टोप्या बसवायचं कॅपर, निपलचा पाना (निपल म्हणजे घराच्या मागची बारीक नळी, जिच्यावर टोपी बसते), निपलचं भोक साफ करायची सुई, नमद्याच्या म्हणजे फेल्टच्या ग्रीस लावलेल्या चकत्या, चष्मा, कानाला बंद. आणि चिंध्या. जुने बनियन जपून ठेवा, जन्मभर पुरत नाहीत.

क्रम असा. रिकाम्या निपलवर टोप्या उडवून साफसफाईनंतर लावलेलं तेल जाळून घ्यायचं. मग दारू कुप्पीतून मापात, मापातून घरात. कुप्पीतून थेट घरात कधीच नाही, आधीच्या बाराचा निखारा आत असला तर कुप्पी म्हणजे हातबॉम्ब. मग चकती, मग गोळी, मग नळीखालची ठासायची दांडी ओढून गोळी दारूवर घट्ट बसेपर्यंत. मध्ये पोकळी राहता कामा नये. टोप्या सगळ्यात शेवटी, रेंजच्या रेषेवर, नळी समोर असताना. सहापैकी पाचच घरं भरायची, घोडा रिकाम्या घरावर.

मला पाच घरं भरायला सुरुवातीला बारा मिनिटं लागायची. पुढं पाच.

---

शंकेखोर | रविवार, दुपारी २:१०

प्रामाणिक प्रश्न. पाच बारांसाठी बारा मिनिटं, मग घरी येऊन धुणी-भांडी. यात मजा कुठली? आणि आपल्या सीताबर्डीच्या लढाईत हीच हत्यारं होती का?

---

काळाधूर | रविवार, दुपारी २:५५

मजेचं उत्तर नाही माझ्याकडे. तर्री पोहे खायला लोक पहाटे उठून रांगेत का उभे राहतात, तसंच काहीतरी.

सीताबर्डीला नाही. ती लढाई नोव्हेंबर १८१७ ची, तेव्हा चकमकीच्या आणि तोड्याच्या बंदुका. ठोकल्यावर पेटणाऱ्या मसाल्याचं पेटंट फोर्साइथ नावाच्या स्कॉटिश पाद्र्यानं १८०७ मध्ये घेतलं होतं, पण तांब्याची टोपी रुळली ती १८२० नंतर. कोल्टचं पेटंट १८३६ चं. आपल्याकडे टोपीचा जमाना म्हटला की १८५७ आठवावं, तेव्हाची एन्फिल्ड रायफल टोपीचीच. अजबबंगल्यातलं, म्हणजे आपल्या नागपूरच्या संग्रहालयातलं, शस्त्रांचं दालन एकदा निवांत पाहा, घोड्याची ठेवण बघून कुठली बंदूक कुठल्या काळातली हे ओळखायची सवय लागते. फुकटातला पहिला धडा.

---

काटोलचा_बाप्पू | रविवार, दुपारी ३:०२

१८५७ चं नाव घेतलं म्हून इचारतो. त्या चकत्यांले ग्रीस कायचं लावता? चरबी?

---

काळाधूर | रविवार, दुपारी ३:३०

प्रश्न ऐतिहासिक आहे, बाप्पू. तिकडे बरेच लोक मेंढ्याची चरबी आणि मधमाशीचं मेण मिसळतात. मी घरच्यांचा मान राखून मेण आणि ऑलिव्ह तेल वापरायचो. मोटारचं ग्रीस नको, खनिज तेल या काजळीत मिसळलं की डांबर होतं. एकदा हौसेनं खोबरेल घातलं, थंडीत झकास जमलं, जूनमध्ये पिशवी उघडली तर चकत्या तेलात पोहत होत्या. आपल्या मे महिन्याच्या पंचेचाळीस अंशात तर मेणच जास्त घालावं लागेल.

आणि हलका बार भरायचा असेल तर दारू आणि गोळीच्या मध्ये रवा घालतात.

---

गोळाभात | रविवार, दुपारी ३:३४

रवा?? आपला उपम्याचा?

---

काळाधूर | रविवार, दुपारी ३:४१

तोच. दारू कमी भरली की गोळी घरात फार खोल जाते, नळीपर्यंत उडी मोठी पडते, नेम बिघडतो. म्हणून वर मापानं रवा, मग गोळी. ती घराच्या तोंडाशी येते. दारू आणि गोळीमधली जागा भरलेलीच राहते. बार झाला की समोर भाजल्याचा हलका वास येतो. मोहरी-कढीपत्ता तेवढा राहतो.

---

नेमधरी | रविवार, रात्री ८:१८

उशिरा आले. मी बारा वर्षं दहा मीटर एअर पिस्तूल मारते, आता मुलांना शिकवते.

गोळाभात, तुमचा धागा वाचून एकच खटकलं: पहिली गोळी दीड हात खाली का गेली ते कुणीच विचारलं नाही. धुरानं नाही गेली. तुम्ही चाप झटकला. आवाजाच्या भीतीनं मनगट आधीच खाली जातं, शंभरातल्या नव्वदांचं जातं. आणि काळाधूर दादा सांगतील, या जुन्या यंत्रात चाप सुटल्यापासून गोळी निघेपर्यंत वेळ जास्त जातो. घोडा पडणार, टोपी पेटणार, मग दारू. तेवढ्या वेळात हात हलला तर गोळी भलतीकडे.

हे शिकायला दारू लागत नाही. ०.१७७ इंच व्यासाच्या एअर पिस्तुलाला परवान्याची भानगड नाही. एका हातात, उभं राहून, दहा मीटरवर, दहाचं वर्तुळ ११.५ मिलिमीटरचं. ठासणीवाल्यांच्या जागतिक स्पर्धाही एका हातानं उभं राहूनच असतात ना?

---

काळाधूर | रविवार, रात्री ९:०६

हो ताई, बरोबर. पंचवीस मीटर, तीस मिनिटांत तेरा गोळ्या, उत्तम दहा धरतात. अर्ध्या तासात तेरा म्हणजे भरणं धरून. घाई केली की गेलं.

चाप झटकण्याचं निदान शंभर टक्के. मी स्वतः सुरुवातीला दोन महिने एअर पिस्तूल मारलं असतं तर माझं बरंच शिसं वाचलं असतं.

---

शंकेखोर | सोमवार, सकाळी १०:१२

काळाधूर, अपघात कधी झाला का? छंदवाले हे सांगत नाहीत, म्हणून विचारतो.

---

काळाधूर | सोमवार, रात्री ९:५०

झाला. लिहायचा की नाही असा दिवसभर विचार केला.

दुसरा उन्हाळा. माझ्या निपलला दहा नंबरच्या टोप्या बसायच्या. त्या संपल्या, दुकानात अकरा नंबरच्या मिळाल्या. जरा सैल. बोटांनी चिमटून लंबगोल करून बसवल्या, सगळेच करतात तसं. त्या दिवशी चकत्याही घरी विसरलो होतो, आणि 'एक दिवस काय होतंय' म्हणून तसंच भरलं. तिसऱ्या बाराला दोन आवाज आले, एकमेकांवर चढलेले. हाताला जो धक्का बसला तो ओळखीचा नव्हता. धूर विरल्यावर पाहिलं तर शेजारचं घर रिकामं, गोळी नळीच्या बाजूनं निघून गेलेली आणि ठासायच्या दांडीजवळ चकाकता ओरखडा.

याला साखळी बार म्हणू. एका घराची आग दुसऱ्यात गेली, पुढून सैल गोळीच्या कडेनं की मागून सैल टोपीखालून, यावर जाणते लोक अजून भांडतात. म्हणून दोन्ही बाजू राखायच्या: गोळीचं कडं पडलंच पाहिजे, चकती असलीच पाहिजे, टोपी निपलवर घट्ट बसली पाहिजे.

माझा डावा हात त्या वेळी कमरेवर होता. काही जण आधारासाठी तो सिलिंडरच्या पुढं, नळीखाली धरतात. त्या दिवशी तिथं असता तर मी हे एका हातानं टंकलं असतं. तेव्हापासून रेंजवर कुणाचा हात पुढं दिसला की मी ओळख असो-नसो, ओरडतो.

आणि टोपी वाजली पण बार झाला नाही तर नळी समोर धरून पूर्ण एक मिनिट थांबायचं. उलटं करून बघायचं नाही. मिनिट फार मोठं असतं, तेव्हा कळतं.

---

शंकेखोर | सोमवार, रात्री १०:०१

प्रांजळपणे लिहिलंत, आभारी आहे. वाचनखूण साठवली.

---

गोळाभात | मंगळवार, सकाळी ८:२५

भावाला हा प्रतिसाद तसाच्या तसा पाठवला. त्यानं विचारलंय, साफसफाई दुसऱ्या दिवशी केली तर चालेल का.

---

काळाधूर | मंगळवार, सकाळी ८:४०

नाही. त्याच संध्याकाळी. या दारूची राख हवेतलं पाणी ओढते आणि पोलादाला गंज चढवते, आपल्या जुलैसारख्या हवेत तर रातोरात. गरम पाणी, भांड्याचा साबण, नळीचा ब्रश. निपल काढून धुवायचे. सडक्या अंड्यांचा वास येईल, तो गंधकाचा, घाबरू नये. मग पूर्ण कोरडं करून वनस्पती तेलाचा हात. पुढच्या खेपेला ते तेल जाळून घ्यायला टोप्या उडवायच्या, वर लिहिलंय.

---

गोळाभात | तीन आठवड्यांनंतर, रविवार, संध्याकाळी ६:३०

धागा वर काढतो.

नेमधरी ताईंचं ऐकून क्लबात नाव घातलं. पहिले चार दिवस छर्रेच दिले नाहीत. नुसतं पांढऱ्या भिंतीकडे पिस्तूल धरून चाप ओढायचा, समोरची खूण हलली नाही पाहिजे. कालपर्यंत हलत होती. आज तीन वेळा नाही हलली. मग दहा छर्रे मिळाले, त्यातले सात कागदावरच्या काळ्या वर्तुळात.

निवृत्तीनाथ काकांनी सांगितलेले नियमही वाचतोय. हळूहळू.

तिकडे भावानं रेमिंग्टन स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये धुतलं आणि सिलिंडर वाळवायला ओव्हनमध्ये ठेवला. वहिनीनं केक करायला ओव्हन उघडला. पुढचं सांगत नाही.

---

काळाधूर | रविवार, संध्याकाळी ६:४४

सिंक आणि ओव्हन दोन्ही बंद करायला सांगा त्याला, वहिनींचं बरोबर आहे. शिशाची काजळी असते त्यात. वेगळी बादली, वेगळा ब्रश, अंगणात. जेवायच्या आधी हात साबणानं, कोपरापर्यंत.

---

गोळाभात | रविवार, रात्री ११:२०

बादली आणली म्हणे. निळी. वहिनीनं तिच्यावर मार्करनं मराठीत 'बंदूक' लिहिलंय, म्हणजे घरात येणाऱ्या कामवाल्या बाईला वाचता येणार नाही.

---

काटोलचा_बाप्पू | रविवार, रात्री ११:२६

सात काळ्यात? आबाजीचं एक डुक्कर बी नोहोतं राजा. पुढच्या रविवारी मी बी येतो क्लबात, पत्ता व्यनि कर.